कडेवर झुकलेला माणूस

1948 च्या ऑलिम्पिकमध्ये इंग्लंडच्या टॉरबे उपसागरात वीस वर्षांच्या पॉल एल्वस्ट्रोमने शिडाच्या होड्यांची पहिली शर्यत अर्धवट सोडली. डेन्मार्कचा हा लाजाळू तरुण तिथेच संपला असता. पण पुढच्या शर्यतींत त्याने अशी मुसंडी मारली, की फायरफ्लाय होडीतलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. मग हेलसिंकी, मेलबर्न आणि रोम, या तिन्ही ऑलिम्पिकमध्ये फिन होडीत पुन्हा सुवर्ण! सलग चार ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा तो जगातला पहिला खेळाडू.

हे यश वाऱ्याच्या लहरीवर मिळालेलं नव्हतं. वारा शिडाला रेटतो तेव्हा होडी कलते आणि वेग मरतो. ती सरळ ठेवायची तर पट्ट्यांत पाय अडकवून अंग कडेबाहेर, पाण्यावर झोकून द्यावं लागतं. मांड्या आणि पोट पेटून उठतात. एल्वस्ट्रोमने त्यासाठी घरी खास बाक बनवला आणि त्यावर लटकून तासन्‌तास सराव केला. शिडाच्या शर्यतीला शरीर कमवावं लागतं, हे त्याच्यानंतरच सगळ्यांनी मनावर घेतलं. होडीत साचलेलं पाणी चालत्या वेगानेच बाहेर खेचणारी झडपही त्याच्याच नावाने ओळखली जाते. 1954 मध्ये त्याने शिडं बनवण्याचा व्यवसाय सुरू केला.

सर्वांत लोभस अध्याय उतारवयातला आहे. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला तो टोर्नाडो या जुळ्या सांगाड्याच्या चपळ होडीत उतरला, सोबतीला मुलगी त्रिने. बापलेकीचं पदक थोडक्यात हुकलं, चौथा क्रमांक आला. 1988 मध्ये, साठाव्या वर्षी, दोघं पुन्हा कोरियाच्या समुद्रात होती. ते त्याचं आठवं ऑलिम्पिक.