जलमार्ग आणि लोहमार्ग : जपानच्या प्रवासाची पूर्वपीठिका

जपान पाहावयास निघालेल्या प्रवाशापुढे आज दोन मार्ग असतात. टोकियोस उतरून आगगाडीने क्योटो, ओसाका, हिरोशिमा करीत थेट क्यूशूपर्यंत जावे, हा एक. आणि योकोहामाच्या धक्क्यावर सफरीच्या जहाजात चढून आठदहा दिवसांत बेटांना वळसा घालून पुन्हा त्याच धक्क्यावर उतरावे, हा दुसरा. यांपैकी कोणता पत्करावा या प्रश्नाचे उत्तर बहुधा भाडे, वेळ आणि आराम यांच्या हिशेबाने दिले जाते. मला मात्र या प्रश्नाचे मोल निराळ्या कारणाने वाटते. आज प्रवासी जो प्रश्न आपल्या सुटीपुरता विचारतो, तोच एके काळी जपानच्या राज्यकर्त्यांनी आपल्या साऱ्या मुलखाविषयी विचारला होता, आणि त्यांनी दिलेल्या उत्तरातून आज आपण पाहावयास जातो तो जपान घडला आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी मोजणीप्रमाणे जपानची बेटे १४,१२५ आहेत. त्यांतील होक्कायडो, होन्शू, शिकोकू आणि क्यूशू ही चार प्रमुख. अशा देशात समुद्र हाच स्वाभाविक हमरस्ता असावयास हवा. परंतु तोकुगावा शोगुनांच्या अडीच शतकांच्या अंमलात राज्यसत्तेचा सारा भर खुष्कीच्या मार्गांवर होता. १६३५ साली शोगुनाने सरदारांना एकाआड एक वर्ष एदोस, म्हणजे आजच्या टोकियोस, हजर राहण्याचा दंडक घातला आणि त्यांचे कुटुंबकबिले ओलिसासारखे तेथेच ठेवून घेतले. एदो आणि क्योटो यांना जोडणारा सुमारे ५०० किलोमीटरांचा, ५३ टप्प्यांचा तोकाइदो हा राजमार्ग या सरदारांच्या लवाजम्यांनी गजबजून गेला. चित्रकार हिरोशिगे याने १८३३ च्या सुमारास याच टप्प्यांची चित्रमाला काढावयास घेतली, आणि तिच्यामुळे तो रस्ता जगाच्या ओळखीचा झाला. मात्र चित्रात रमणीय दिसणारा हा रस्ता प्रत्यक्षात बंदोबस्ताचा होता. हाकोने घाटातील चौकीवर एदोकडे येणाऱ्या बंदुकांची आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांची कसून झडती होई, कारण बंदुका आत येणे आणि सरदारांच्या बायका बाहेर जाणे ही दोन्ही बंडाची पूर्वचिन्हे मानली जात. ओइ नदीवर पूल नव्हता. हमालांच्या खांद्यावर किंवा पाटावर बसून ती ओलांडावी लागे, पाण्याच्या खोलीप्रमाणे मजुरी ठरे, आणि पाणी चढले म्हणजे दोन्ही तीरांवर वाटसरूंचे दिवसच्या दिवस मुक्काम पडत.

माणसांना असा रस्ता चालवून घेता येतो. धान्याला तो चालत नाही. सरदारांचा महसूल तांदळाच्या रूपाने येई, आणि ईशान्येकडील तांदूळ एदोच्या बाजारात पोहोचवावयाचा तर घोड्यांच्या पाठीवरून तो परवडण्याजोगा नव्हता. म्हणून ज्या शोगुनशाहीने मोठी जहाजे बांधण्यास बंदी घातली, तिलाच मालवाहू गलबतांपुरती ती बंदी लवकरच शिथिल करावी लागली; आणि पुढे कावामुरा झुइकेन या व्यापाऱ्यास सरकारी तांदळाची सागरी वाट आखून देण्याचे काम तिनेच सोपविले. त्याने १६७१ साली पूर्व किनाऱ्याने, आणि १६७२ साली पश्चिम किनाऱ्याने अशा दोन वाटा सिद्ध केल्या. या दुसऱ्या वाटेने साकाता बंदरातून निघालेले गलबत जपानच्या पाठीमागच्या समुद्रातून खाली येई, शिमोनोसेकीच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून सेतोच्या अंतर्समुद्रात शिरे, आणि ओसाका गाठून तेथून एदोस जाई. अंतर कितीतरी वाढले, पण झुइकेनने वाटेवरील बंदरांत या गलबतांना जकात माफ करविली, जागोजागी देखरेखीची ठाणी बसविली, शिमोनोसेकीस वाट दाखविणाऱ्या नावा ठेवविल्या, आणि धोक्याच्या ठिकाणी रात्री जाळ पेटविण्याची तजवीज केली. लांबची वाट जवळच्या वाटेहून स्वस्त आणि निर्धास्त होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले.

या वाटेने पुढे तांदळाखेरीज कायकाय आले आणि गेले, ते पाहिले म्हणजे समुद्राने या देशाचे एकीकरण रुळांच्या कितीतरी आधी केले होते हे ध्यानात येते. होक्कायडोच्या थंड पाण्यातील कोंबू नावाचे समुद्रशैवाल ओसाकाच्या स्वयंपाकघरात पोहोचले आणि तेथील रश्शांचा आधार बनले. त्याच बेटावरील हेरिंग माशांचे खत ओसाकाभोवतालच्या कापसाच्या शेतांत पडले. मोगामी नदीच्या खोऱ्यातील करडईची फुले साकाताहून निघून क्योटोच्या रंगाऱ्यांकडे गेली आणि रेशमावर तांबडा रंग होऊन उतरली. उलट दिशेने मीठ, जुने कापड आणि दक्षिणेकडील बारीकसारीक जिन्नस उत्तरेस गेले. हाकोनेच्या चौकीवर माणूस अडत होता, त्याच काळात समुद्रावरून एका प्रांताचा संसार दुसऱ्या प्रांताच्या घरात जात होता.

माणसेही समुद्राने अगदीच जात नसत असे नव्हे. शिकोकू बेटावरील कोंपिरा हे खलाशांचे आराध्यदैवत. त्याच्या दर्शनासाठी ओसाकाहून मारुगामे बंदरापर्यंत यात्रेकरूंच्या खास नावा चालत, आणि तेथून पायी जाऊन ७८५ पायऱ्या चढल्या म्हणजे मुख्य मंदिर येई. आपल्या वाचकांना आवर्जून सांगावयाची गोष्ट ही की, कोंपिरा हे नाव मूळचे संस्कृत ‘कुंभीर’. गंगेतील मगरीचे हे दैवत बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात पोहोचले आणि तेथील दर्यावर्दी लोकांचा पाठीराखा होऊन बसले.

१८५४ साली अमेरिकन नौसेनापती पेरी याने शोगुनाच्या अधिकाऱ्यांस नजर केलेल्या वस्तूंत वाफेवर चालणारी एक लहानशी आगगाडी होती. योकोहामाच्या किनाऱ्यावर वर्तुळाकार रुळांवरून ती फिरवून दाखविली, तेव्हा एक अधिकारी तिच्या टपावर बसून फेरी मारून आला. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबई ते ठाणे ही आपली पहिली आगगाडी धावली होती. जपानची पहिली आगगाडी त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १८७२ रोजी, म्हणजे झुइकेनच्या पश्चिमवाटेस बरोबर दोनशे वर्षे होत असताना, टोकियोतील शिंबाशी आणि योकोहामा यांच्यामध्ये सम्राट मेइजी यांच्या उपस्थितीत सुरू झाली. २९ किलोमीटरांचे अंतर ती ५३ मिनिटांत तोडी. तिचा प्रमुख इंजिनिअर एडमंड मोरेल हा इंग्रज ती धावलेली पाहण्यास उरला नाही. १८७१ साली तो मरण पावला आणि योकोहामातच त्याला दफन करण्यात आले. या मार्गाची एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. लष्करी खात्याने आपल्या ताब्यातील किनाऱ्याची जमीन देण्याचे नाकारले, तेव्हा ताकानावा येथे उथळ समुद्रात दगडी बांध घालून त्यावरून रूळ नेण्यात आले. २०१९ साली त्या भागात नवे बांधकाम चालू असता या बांधाचे दगड पुन्हा उजेडात आले. जपानच्या पहिल्या आगगाडीचा काही प्रवास असा अक्षरशः समुद्रातून झाला होता.

आता राजधानीपासून क्योटोपर्यंतचा मोठा लोहमार्ग कोठून न्यावयाचा, हा खरा प्रश्न उभा राहिला. किनाऱ्याने जाणारा तोकाइदो सपाट आणि वस्तीचा. डोंगरांतून जाणारा नाकासेंदो बिकट आणि विरळ वस्तीचा. असे असताही पाहणी करणाऱ्यांनी कौल दिला तो डोंगराच्या बाजूने, कारण किनाऱ्याला बोटींची सोय आहेच, तेव्हा रूळ तेथे न्यावेत की जेथे बोट जाऊ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. लष्करी मुत्सद्द्यांनी त्यात भर घातली की, किनाऱ्याचा लोहमार्ग शत्रूच्या आरमारी तोफांच्या माऱ्यात येईल. १८८३ साली नाकासेंदोचा निर्णय झाला. परंतु रेल्वेखात्याचे प्रमुख इनोउए मासारु यांनी प्रत्यक्ष काम हाती घेतल्यावर घाट, बोगदे आणि खर्च यांचा अंदाज असा काही वाढत गेला की, १८८६ साली तो निर्णय फिरवून तोकाइदोचाच मार्ग कायम करावा लागला. १ जुलै १८८९ रोजी शिंबाशी ते कोबे ही आगगाडी सुरू झाली, आणि जेथे पायी पंधरवडा लागे तेथे सुमारे वीस तासांत माणूस जाऊ लागला. बोटीला पूरक म्हणून कल्पिलेला लोहमार्ग अखेरीस बोटीच्याच शेजारून, किनाऱ्याला बिलगून गेला, आणि दोघांची स्पर्धा अटळ झाली.

या स्पर्धेपूर्वी बोटींचे राज्य किती निर्वेध होते, ते इझाबेला बर्ड या इंग्रज प्रवासिनीच्या वाटचालीवरून दिसते. १८७८ साली ती टोकियोहून उत्तरेस ओझ्याच्या घोड्यांवरून, पावसाचिखलातून आओमोरीपर्यंत गेली, तेथून आगबोटीने होक्कायडोस पोहोचली, आणि परतताना सारी खुष्की टाळून हाकोदातेहून बोटीनेच योकोहामास आली. इवासाकी यातारो यांची मित्सुबिशी कंपनी तेव्हा किनाऱ्यावर सर्वश्रेष्ठ होती. पुढे प्रतिस्पर्धी कंपनीशी तिची भाड्यांची जीवघेणी चढाओढ लागली, आणि १८८५ साली दोघींच्या विलीनीकरणातून निप्पोन युसेन काइशा ही कंपनी जन्मास आली. किनाऱ्याने रूळ आल्यावर चारच वर्षांनी, नोव्हेंबर १८९३ मध्ये, या कंपनीचे ‘हिरोशिमा मारू’ जहाज कोबेहून मुंबईस निघाले. जपानी कंपनीची ही पहिली दूर पल्ल्याची नियमित जलवाट होय. आपल्याकडील कापूस जपानी गिरण्यांस वाजवी भाड्यात पोहोचावा म्हणून जमशेटजी टाटांनी तिच्या उभारणीस हात दिला होता.

सेतोच्या अंतर्समुद्रात मात्र बोटीने सहजासहजी माघार घेतली नाही, आणि या झगड्यातून प्रवाशाचे जे कल्याण झाले ते नमूद करण्याजोगे आहे. कोबेहून पश्चिमेस जाणाऱ्या सान्यो रेल्वेच्या डाव्या हाताला शांत पाणी, शेकडो हिरवी बेटे आणि त्यांतून धावणाऱ्या स्वस्त आगबोटी होत्या. प्रवासी आपल्याकडे ओढावयाचा तर त्याला केवळ वेग देऊन भागणार नव्हते. म्हणून या खासगी कंपनीने १८९९ साली जपानातील पहिला भोजनाचा डबा, आणि १९०० साली पहिला शयनाचा डबा जोडला. स्थानकांवर सामान उचलण्यास हमाल नेमले. आज ज्या सौजन्याबद्दल जपानी रेल्वेची ख्याती आहे, त्याचा एक धडा तिला समोरच्या समुद्राने दिला आहे. समुद्रानेही आपल्या परीने उत्तर दिले. १९१२ साली ओसाकाहून बेप्पूच्या उष्णोदकाच्या झऱ्यांकडे ‘कुरेनाइ मारू’ ही सुखसोयींची बोट सुरू झाली, आणि १९३४ साली हा अंतर्समुद्र जपानच्या पहिल्या तीन राष्ट्रीय उद्यानांत गणला गेला.

जेथे रूळ संपत आणि पाणी आडवे येई, तेथे रेल्वेखाते स्वतःच नावाडी झाले. १९०८ साली आओमोरी-हाकोदाते आणि १९१० साली उनो-ताकामात्सु अशा रेल्वेच्या बोटी सुरू झाल्या. पुढे तर आगगाडीचे डबेच्या डबे बोटीच्या पोटात शिरू लागले. ही व्यवस्था जितकी कल्पक तितकीच दर्याच्या स्वाधीन होती. २६ सप्टेंबर १९५४ च्या संध्याकाळी वादळ ओसरले अशा समजुतीने हाकोदातेहून निघालेली ‘तोया मारू’ बोट बुडाली आणि तिच्यावरील ११०० हून अधिक जिवांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी ११ मे रोजी सेतोच्या धुक्यात ‘शिउन मारू’ ही बोट दुसऱ्या बोटीवर आदळून १६८ माणसे गेली. त्यांत सहलीला निघालेली शाळकरी मुले पुष्कळ होती. १९४७ साली रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट ज्या कोकणाने गमावली, त्याला त्या घरांचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. जपानने त्या शोकाचे रूपांतर कृतीत केले. १३ मार्च १९८८ रोजी ५३.८५ किलोमीटर लांबीचा सेइकान बोगदा होक्कायडोकडे उघडला, आणि १० एप्रिल १९८८ रोजी सेतोचा महासेतू शिकोकूकडे. क्यूशू तर १९४२ सालच्या बोगद्याने आधीच जोडले गेले होते. चारही प्रमुख बेटे एका रुळाने एकत्र आली, आणि त्याच वर्षी त्या दोन्ही रेल्वेबोटींच्या वाटांवरील मोठी वर्दळ इतिहासजमा झाली.

गरज संपल्यावर आवड उरते. १९९१ साली निप्पोन युसेनने ‘आसुका’ हे सफरीचे जहाज आणले, आणि २०१३ साली क्यूशूत सुखासीन प्रवासाची ‘सेव्हन स्टार्स’ गाडी धावू लागली. आज जहाज आणि गाडी दोन्ही संथपणाच विकीत आहेत. जहाजाने जाणाऱ्याने एवढे मात्र जाणून असावे की, परदेशी निशाणाच्या जहाजांना जपानच्या बंदराबंदरांत प्रवाशांची ने-आण करण्यास १८९९ च्या कायद्याने मनाई आहे, म्हणून त्यांच्या जपानफेरीत कोरियाचे बुसान बंदर पुष्कळदा घालावे लागते. शिवाय बंदरात मिळणाऱ्या दिवसभराच्या मुक्कामात क्योटोसारखे आत वसलेले नगर घाईनेच पाहून परतावे लागते.

माझा निर्वाळा असा आहे : जपान पाहावा तो आगगाडीने, कारण आजच्या जपानी माणसाचे जीवन रुळांच्या दोन्ही अंगांना पसरले आहे आणि त्याची शिस्त, त्याचे जेवण, त्याची गर्दी व त्याचे मौन यांचे दर्शन डब्यातच घडते. परंतु ही नगरे जेथे आहेत तेथे का वसली, हे रूळ सांगत नाहीत. ते समुद्रच सांगतो. म्हणून सबंध सफर जहाजाने करण्याचे प्रयोजन नसले, तरी एक रात्र पाण्यावर काढल्यावाचून कोणी परतू नये. त्यासाठी ओसाकाहून बेप्पूस जाणारी रात्रीची बोट आजही सुटते. २०२३ साली त्या वाटेवर आलेल्या नव्या बोटीला जुन्या बोटीचेच ‘कुरेनाइ’ हे नाव दिले आहे. आणि कुरेनाइ म्हणजे आपला कुसुंबी, साकाताच्या गलबतांतून क्योटोस गेलेल्या त्याच करडईच्या फुलांचा रंग.