मोठी गाडी दारात आली, पण हप्ता झेपेना: पस्तावा झाल्यावर काय करायचं, काय टाळायचं

ऊसबिल जमा झालं, डाळिंबाला भाव लागला किंवा पालखी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला खात्यावर आला, की सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर, माळशिरस, सांगोला, माढा अशा कुठल्याही तालुक्यात एक ठरलेली गोष्ट घडते. घरात मोठ्या गाडीचा विषय निघतो. आठ-पंधरा दिवसांत गाडी दारात उभी राहते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. खरा हिशोब मात्र सहा-आठ महिन्यांनी सुरू होतो. पुढचा हंगाम नरम जातो, कारखान्याचं बिल लांबतं, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हप्ता मात्र चुकत नाही. मग गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आणि मालक मोटारसायकलवर, असं चित्र गावोगावी दिसू लागतं.

असा पस्तावा झालेल्यांपुढे कोणते रस्ते असतात, कोणत्या रस्त्याने नुकसान वाढतं आणि कागदोपत्री काय काळजी घ्यायची, याची ही माहिती.

मोठ्या गाडीची ओढ

गावाकडे जीप आणि कमांडर आधी वडापसाठी आल्या. २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ बाजारात आली आणि उंच गाडी घरची झाली. ओढ्याचा रस्ता, पाणंद, शेतातली वाट अशा ठिकाणी ती उपयोगी पडते, हे खरंच आहे. पण गरजेसोबत मानही चिकटला. सोयरीक जुळवायला, निवडणुकीला, लग्नकार्याला दारात कोणती गाडी आहे हे पाहिलं जातं. म्हणून घेताना हिशोब कमी होतो, आणि विकायची वेळ आली की ‘याचं दिवाळं निघालं’ असं लोक म्हणतील, या भीतीने दोन-दोन वर्षं निघून जातात. हीच दोन वर्षं सगळ्यात महाग पडतात.

हप्त्याचा हिशोब

शोरूम किंमत १५ लाख असलेली डिझेल गाडी धरू. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या वैयक्तिक डिझेल गाडीला एकरकमी कर १४ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. विमा, नोंदणी, फास्टॅग धरून गाडी रस्त्यावर यायला १८ लाखांच्या जवळपास लागतात. यातले ३ लाख रोख भरले आणि १५ लाख कर्ज ७ वर्षांसाठी ९.५ टक्क्यांनी काढलं, तर:

• महिन्याचा हप्ता: सुमारे २४,५१६ रुपये
• सात वर्षांत एकूण भरणा: सुमारे २०.५९ लाख
• त्यातलं व्याज: सुमारे ५.५९ लाख

हेच कर्ज ५ वर्षांचं घेतलं तर हप्ता सुमारे ३१,५०३ रुपये बसतो, पण व्याज ३.९० लाखांवर येतं. हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत वाढवली की गाडी तेवढी महाग होते.

आता हाच हप्ता उसात मोजून बघा. तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला २,८०० रुपये हातात पडले असं धरलं, तर वर्षाचे हप्ते फेडायला सुमारे १०५ टन ऊस लागतो. एकरी ५० टन निघाला तरी दोन एकरांचा ऊस नुसत्या हप्त्याला गेला. त्यात बेणं, खत, पाणी, मजुरी धरलेलीच नाही. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत बिल द्यायचा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण बिल थकलं म्हणून गाडीचा हप्ता थांबत नाही.

दुसरी गोष्ट, सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा नंतरच्या हप्त्यांपेक्षा जास्त असतो. वरच्या उदाहरणात दोन वर्षांत सुमारे ५.८८ लाख भरून होतात, तरी ११.६७ लाख बाकी राहतात. दुसरीकडे विम्याच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीच्या किमतीतून ३० टक्के घट धरतात. म्हणजे १५ लाखांच्या गाडीची विमा किंमत १०.५० लाख. बाजारात भाव थोडा वर-खाली होईल, पण गाडी विकूनही कर्ज फिटत नाही अशी अवस्था इथे येते. वरचे लाखभर रुपये खिशातून घालावे लागतात.

हप्त्याशिवायचा खर्च

• डिझेल: महिन्याला १,००० किलोमीटर, लिटरला १३ चं अॅव्हरेज आणि ९० रुपये दर धरला तर सुमारे ६,९०० रुपये.
• विमा: १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला नुसत्या थर्ड पार्टीचा २०२२ मध्ये ठरलेला वार्षिक दर ७,८९७ रुपये आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच सक्तीने घ्यावा लागतो, त्यामुळे पुढचा खर्च लगेच लक्षात येत नाही.
• सर्व्हिसिंग आणि टायर: मोठ्या गाडीच्या चार टायरांना सहज ४० हजारांच्या पुढे जातात.

डिझेल गाडीची आणखी एक अडचण आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ असते. ही काजळी जळून जायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. वस्तीवरून गावात, गावातून तालुक्याला अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्याच होत असतील, तर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते. ज्याचं फिरणं थोडं आणि जवळचं आहे, त्याला डिझेल घेऊन फायदा होत नाही.

गाडी परत करता येते का

नाही. पसंत पडली नाही किंवा झेपत नाही म्हणून नवी गाडी शोरूमला परत करायचा हक्क कायद्यात नाही. बुकिंग रद्द करायचं असेल तर बुकिंग फॉर्मवरच्या अटी लागतात. मात्र गाडीत उत्पादनाचा दोष असेल, वारंवार तीच तक्रार येत असेल, तर गोष्ट वेगळी. प्रत्येक वेळी वर्कशॉपचं जॉब कार्ड मागून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. गाडीला मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हीवरचा सेस धरून ५० टक्के असलेला कर ४० टक्के झाला, आणि चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा ३१ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच्या थोडं आधी गाडी घेतलेल्यांना हळहळ वाटणं साहजिक आहे, पण आधीच्या बिलावरचा कर परत मिळत नाही.

एक रक्कम मात्र परत मिळू शकते. १० लाखांवरच्या गाडीच्या बिलात १ टक्का टीसीएस घेतला जातो, १५ लाखांना १५ हजार. ज्याला आयकर लागत नाही, त्याने त्या वर्षाचं रिटर्न मुदतीत भरलं तर हे पैसे खात्यावर परत येतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून अनेक जण रिटर्न भरत नाहीत आणि ही रक्कम तशीच राहते.

‘गाडी तू वापर, हप्ते तू भर’

पस्तावा झाला की गावाकडे सगळ्यात आधी हाच तोडगा निघतो. ओळखीचा कोणी थोडी रोख देतो, पाचशेच्या बॉण्डवर लिहून घेतलं जातं, गाडी जाते आणि पुढचे हप्ते त्याने भरायचे ठरतात. कर्ज आणि आरसी मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहते. यात धोके असे:

• त्याने हप्ता चुकवला तर नोटीस मूळ मालकाला येते आणि सिबिल त्याचंच खराब होतं. पुढे पीककर्ज, ट्रॅक्टर, घरकर्ज, सगळीकडे अडतं.
• अपघात झाला आणि विमा संपलेला असला, तर भरपाई आरसीवर ज्याचं नाव त्याच्या अंगावर येते. गाडी हातोहात विकली गेली होती आणि नाव बदललं नव्हतं, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं. म्हणजे विकलेल्या गाडीपायी जमीन विकायची पाळी येऊ शकते.
• बँकेच्या परवानगीशिवाय तारण गाडी देणं हा कर्जाच्या कराराचा भंग आहे.

बॉण्डचा कागद आपसातल्या व्यवहाराचा पुरावा ठरेल, पण आरटीओच्या नोंदीची जागा तो घेत नाही.

वडाप आणि भाडं मारणं

हप्ता निघावा म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी लग्नाच्या भाड्याला किंवा वडापला लावली जाते. खासगी गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ अ खाली १० हजारांच्या दंडाची तरतूद आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा. भाड्याचे प्रवासी असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. भाडं मारायचंच असेल तर गाडी रीतसर टुरिस्ट परवान्यावर, पिवळ्या पाटीवर करून घ्यावी.

रीतसर विकायची पद्धत

१. बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून आजच्या तारखेचं फोरक्लोजर स्टेटमेंट घ्या. बदलत्या व्याजदराचं वैयक्तिक कर्ज असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही. ठरीव दर असेल तर करारात काय लिहिलंय ते बघा.

२. गाडीचा भाव किमान तीन ठिकाणी काढा. बाकी कर्जापेक्षा भाव कमी असेल तर फरक किती, ते घरात सगळ्यांसमोर मांडा.

३. घेणाऱ्याचे पैसे थेट कर्जखात्यावर भरून घ्या. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा.

४. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागू शकते. आपल्या जिल्ह्यात एमएच १३ सोलापूर आणि एमएच ४५ अकलूज अशी दोन कार्यालयं आहेत. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाकडे देऊ नका.

५. थकलेले ई-चलन भरा, फास्टॅग बंद करा. नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्या. ते तीन वर्षं चालतं.

६. महिनाभराने एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का ते स्वतः बघा. बदललं नसेल तर लगेच आरटीओत जा.

हप्ते थकले असतील तर

फोन बंद करून बसू नका. ९० दिवस उलटले की कर्ज एनपीए होतं. त्याआधी शाखेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवता येते का, किंवा हंगामाप्रमाणे सहामाही हप्ता करून देता का, ते विचारा. काही फायनान्स कंपन्या शेतकऱ्यांना तशी सोय देतात. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, दमदाटी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गाडी ओढून नेली आणि लिलावात कमी आली, तर उरलेली बाकी कर्जदाराकडेच राहते. म्हणून लिलावापेक्षा स्वतः गिऱ्हाईक शोधून विकलेली गाडी बहुधा जास्त पैसे देते. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याचा नंबर १४४४८.

ज्यांचं अजून ठरतंय त्यांच्यासाठी

• कर्जाचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून खरा वार्षिक व्याजदर असतो, आणि तो कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यावा लागतो.
• चांगल्या वर्षाच्या नाही, गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्यात पडत्या वर्षाच्या उत्पन्नावर हप्ता बसतो का ते बघा.
• सहा हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर तेवढी गाडी झेपणारी नाही.
• सही करण्याआधी सहा महिने हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकून बघा. जमलं तर रोख भरायला तेवढी भर पडली, आणि नाही जमलं तर गाडी न घेताच हिशोब कळला.