बापाचा जन्म कुठला?

कुंभकोणमला १८२८ साली एका मराठी घरात जन्मलेले टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांना राष्ट्रीयत्व कुणी विचारलं नाही. हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदाच आला १९२० मध्ये.

तंजावर-तिरुचिरापल्लीकडची मजूर कुटुंबं त्याआधीच सिलोनच्या चहामळ्यांत पोचली होती. १९४८च्या सिलोन नागरिकत्व कायद्याने त्यांना बापाच्या, नाहीतर आजा-पणजाच्या जन्माचा पुरावा मागितला. मळ्यातल्या चाळीत जन्मलेल्या मजुराकडे जन्मदाखला असणार कुठून? लाखो माणसं एका फटक्यात बेवतन झाली.

१९६४ मध्ये भारताचे पंतप्रधान शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी अशा ९ लाख ७५ हजार माणसांची चक्क वाटणी केली: भारताने ५ लाख २५ हजार घ्यायची, सिलोनने ३ लाख. उरलेल्या दीड लाखांचा निकाल १९७४ मध्ये, निम्मे-निम्मे. त्या माणसांना कुठे राहायचं होतं, याला कराराच्या मेजावर जागा नव्हती, आणि हा अन्यायच होता.

सिलोनची श्रीलंका झाली; तिथल्या १९८३च्या तमिळविरोधी दंगलींनंतर निर्वासित तामिळनाडूत आले. मंडपमच्या छावणीत १९८६ मध्ये जन्मलेल्या एका मुलीला तिरुचिरापल्लीच्या पासपोर्ट कार्यालयाने नकार दिला. २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तो फिरवला, कारण १ जुलै १९८७पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. आईबापांना मात्र हा नियम लागू नाही. कागदपत्रांविना आलेल्यांना नागरिकत्व कायद्याच्या २००३च्या दुरुस्तीने नोंदणीचा रस्ताही बंद केला, आणि ठराविक देशांतून आलेल्यांना सवलत देणाऱ्या २०१९च्या दुरुस्तीत श्रीलंकेचं नाव नाही.