लाकूड, पुनर्वापरित (बांधकाम)

जुन्या इमारती उतरवताना मिळालेले तुळया, खांब, कडीपाट, चौकटी इत्यादी लाकूडसामान नव्या बांधकामात पुन्हा वापरण्याची पद्धत. पेशवाईतील वाडे (पहा : वाडा) सागवानी सांगाड्यावर उभे असत, शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातील साग आणला होता. खांब दगडी उथळ्यावर टेकत आणि जोड साल-कुशीचे (सालीत, म्हणजे खाचेत, कूस बसवण्याचे) असत, त्यामुळे सांगाडा न तोडता सुटा करता येतो. पुणे, भोर आणि नीरेकाठच्या सारोळे परिसरातील जुन्या घरांच्या दुरुस्तीतही हेच तत्त्व लागू पडते.

मुरलेला साग ओल्या लाकडासारखा पिळवटत नाही. त्याच्या गाभ्यातील टेक्टोक्विनोन वाळवीला रोखते. मात्र जुनी तुळई तपासूनच घ्यावी लागते. भिंतीत गाडलेले टोक आधी कुजते, म्हणून तेथे टोच्या रुतवून पाहतात. कुजका भाग कापतात, खिळे उपसतात आणि मगच रंधा मारतात. जुन्या जोडाची साल राहिली असेल तेथे तुळईचा छेद कमी धरणे अत्यावश्यक आहे (पहा : साग, सुतारकाम).

सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. पुनर्वापराने तो साठून राहतो. पाडकामातील अन्य सामानासाठी केंद्राने 2016 मध्ये राडारोडा व्यवस्थापन नियम केले होते. आयएस 383 : 2016 नुसार एम 25 पर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत पुनर्चक्रित खडी चालते (पहा : काँक्रीट).