ग्रीसमधला उघड्यावरचा मुक्काम

ग्रीसमध्ये उघड्यावर मुक्काम करण्याचा जुना आणि सर्वांत मोठा दाखला ऑलिंपियाचा आहे. झ्यूसच्या उत्सवासाठी दर चार वर्षांनी ऐन उन्हाळ्यात हजारो माणसे या खोऱ्यात उतरत, आणि तिथे मोठे गाव नव्हते. नाक्सोसच्या लिओनिदासने इ.स.पू. चौथ्या शतकात बांधलेली भव्य अतिथिशाळा होती, पण एवढा जमाव तिच्यात मावणे शक्यच नव्हते. लोक राहुट्या ठोकत, नाहीतर सरळ आभाळाखाली पथारी पसरत. राहुटीवरून माणसाची ऐपत जोखली जाई. अथेन्सचा मुत्सद्दी थेमिस्तोक्लिस याने इथे आपला प्रतिस्पर्धी किमोन याच्या तोडीचा थाट करायला जाऊन लोकांचा रोष ओढवून घेतला, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. सिराक्यूजचा हुकूमशहा दिओनिसियस याने जरतारी राहुट्या पाठवल्या, तेव्हा वक्ता लिसियस याने त्याच्याविरुद्ध भाषण केले आणि जमावातले काही जण त्या राहुट्या लुटायला धावले. खरा प्रश्न मात्र पाण्याचा होता. तो नीट सुटायला इ.स.च्या दुसऱ्या शतकाचा मध्य उजाडावा लागला; धनाढ्य हेरोदिस अत्तिकसने तेव्हा दुरून पाणी आणून कारंजे बांधले.

एरवीच्या वाटसरूला आधार होता तो अतिथिधर्माचा. परका दारी आला तर त्याचा पाठीराखा खुद्द झ्यूस, ही श्रद्धा होती. देवळांच्या आवारातही सोय होई. इ.स.पू. ४२७ मध्ये शत्रूच्या हाती पडलेले प्लातिया शहर पुढे जमीनदोस्त केल्यावर त्याच्याच सामानातून हेराच्या देवळाशेजारी दोनशे फूट लांबरुंद अतिथिशाळा उभारली गेली. उद्ध्वस्त घरांच्या लाकडांतून झालेल्या त्या सोयीबद्दल वाचताना मन खिन्न होते.

उस्मानी काळात वाटेवर ‘हानी’ नावाच्या सराया होत्या, डोंगरात मठ होते. १८०९ साली इंग्रज कवी बायरन एपिरसमधून जाताना झित्साच्या मठात थांबला. साराकात्सानी मेंढपाळ उन्हाळ्यात पिंडस डोंगरातल्या कुरणांवर आणि हिवाळ्यात सखल भागात गवता-फांद्यांच्या झोपड्या घालून राहत. पाणी, सावली, वारा यांची त्यांच्याइतकी जाण क्वचितच कुणाला असेल.

विसाव्या शतकात मुक्कामाला येणारी माणसे बदलली. १९६०च्या दशकात क्रीटमधल्या मातालाच्या कड्यातल्या गुहांत देशोदेशीचे हिप्पी येऊन राहिले. त्या गुहा कधीकाळी थडगी म्हणून वापरल्या गेल्या होत्या. पुढे हिप्पींना तिथून हटवण्यात आले. १९७६च्या कायद्याने तंबूंसाठी परवानाधारक तळांची व्यवस्था घालून दिली, आणि किनारा, जंगल, प्राचीन अवशेषांच्या जागा इथे तंबू ठोकायला मनाई झाली. समुद्रकिनारा सार्वजनिक मालमत्ता आहे, तिथे बसायला, पोहायला कुणाचीही आडकाठी नाही. तंबू ठोकता मात्र येत नाही. तरीही गाव्दोससारख्या बेटावर जुनिपरच्या झाडांखाली तंबू दिसत आले आहेत. जंगलातली बंदी मात्र गांभीर्यानेच घ्यायला हवी. १ मे ते ३१ ऑक्टोबर हा तिथला वणव्यांचा अधिकृत हंगाम, आणि २००७ साली पेलोपोनीजमध्ये पेटलेले वणवे थेट प्राचीन ऑलिंपियाच्या आवारापर्यंत पोचले होते.