हवेच्या बंदुकीचा सांधा

सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने घट्ट दाबून धरावे आणि दट्ट्या खाली रेटावा. दट्ट्या काही अंतर जातो, मग अडतो. हात सोडला की आपोआप वर येतो. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते, हे यातून विद्यार्थ्यांना चटकन कळते. रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने १६६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवेच्या या गुणाला ‘हवेची स्प्रिंग’ असेच म्हटले होते. दाब आणि आकारमान यांचा त्याचा सुप्रसिद्ध नियम १६६२ चा. हवेची बंदूक मात्र या नियमाहून जुनी आहे. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्यासाठी मारँ ल बुर्ज्वा या कारागिराने हवेची बंदूक बनवली होती आणि तिचे वर्णन १६०८ सालच्या एका पुस्तकात आले आहे. नियम माहीत नसतानाही कारागिराच्या हाताला हवेचा गुण कळला होता.

ही बंदूक सुटसुटीत कशी करावी, तिचे भाग वेगळे करता यावेत का, आणि यावेत तर सांधा नेमका कुठे असावा, हे प्रश्न आज दुकानात पडतात. त्यांची उत्तरे मात्र दोनशे वर्षांपूर्वीच शोधली गेली होती.

हवा ठेवायची कुठे?

ठासणीच्या बंदुकीत दारू हाच ऊर्जेचा साठा असतो आणि तो चिमूटभर जागेत मावतो. हवेच्या बंदुकीत हा साठा म्हणजे दाबलेली हवा. तिला मजबूत टाकी हवी आणि ती टाकी शिकाऱ्याला खांद्यावर वागवावी लागते. अठराव्या शतकात युरोपातील कारागिरांनी याला तीन उत्तरे काढली. काहींनी नळीभोवती दुसरी मोठी नळी बसवून मधल्या पोकळीत हवा भरली. काहींनी धातूचा पोकळ गोळा बंदुकीला आट्यांनी जोडला. गोल भांड्याच्या पत्र्यावर येणारा ताण तेवढ्याच व्यासाच्या नळकांड्यापेक्षा निम्मा असतो, त्यामुळे गोळा हलका करता येतो. पण तो बंदुकीखाली लोंबकळतो व हाताला अडचण करतो. तिसरे उत्तर असे, की खांद्याला टेकवायचा दस्ताच पोकळ करायचा आणि त्यातच हवा भरायची.

हे तिसरे उत्तर सर्वांत कौशल्याने वापरले ते बार्टोलोमेउस जिरांडोनी याने. (त्याचे आडनाव जिरार्डोनी असेही लिहितात.) टायरॉल प्रांतातून आलेल्या व व्हिएन्नात काम करणाऱ्या या कारागिराची बंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारली. लोखंडी पत्र्याचा, रिव्हेट मारून व झाळून हवाबंद केलेला, वरून कातडे चढवलेला निमुळता दस्ता हीच तिची टाकी. तो फिरवला की आट्यांतून सुटे. एक रिकामा झाला की काढायचा आणि भरलेला दुसरा लावायचा. नळीच्या बाजूच्या लांब नळीत वीसेक गोळ्या असत. बंदुकीचे तोंड वर करून अंगठ्याने एक ठोकळा सरकवला की गोळी जागेवर येई. ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी ठासण्यासाठी सैनिकाला बहुधा उभे राहावे लागे. जिरांडोनीची बंदूक पडल्यापडल्या भरता येई, पावसात भिजून निकामी होत नसे आणि धूरही करत नसे.

दीड हजार वेळा पंप

टाकी भरण्यासाठी पंप सुमारे १५०० वेळा मारावा लागे. इतके का? हे गणित वर्गात करण्याजोगे आहे. टाकीतला दाब सुमारे ५० वातावरण, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ५० किलो. सायकलच्या पंपाचा दट्ट्या ३ सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचे क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर होते. शेवटी शेवटी तो दाबायला ३५० किलोचा भार हवा! माणूस साऱ्या अंगाचे वजन टाकूनही ६०-७० किलोच देऊ शकतो. म्हणून दट्ट्या बारीकच हवा. व्यास १ सेंटिमीटर केला की भार ४० किलोवर येतो, पण मग ३० सेंटिमीटरच्या एका फेरीत जेमतेम २४ घन सेंटिमीटर हवा आत जाते. टाकी अर्ध्या लिटरची समजली, तर ५० वातावरणासाठी सुमारे २५ लिटर हवा लागेल. म्हणजे हजारावर फेऱ्या झाल्या. गळती आणि पंपाच्या तळाशी उरणारी हवा धरली की दीड हजार हा आकडा मुळीच अवास्तव वाटत नाही.

या टाकीतून हवा सुटली की ११-१२ मिलिमीटरच्या गोळीवर आरंभी सुमारे ५० किलोचा जोर येई. पण प्रत्येक बाराला टाकीतली थोडी हवा खर्च होई. समजा, दर वेळी ३ टक्के हवा गेली. तर वीस बारांनंतर दाब ५० वरून २७ वर उतरेल. शेवटच्या गोळ्या पहिल्या गोळ्यांपेक्षा मंद जात व लवकर खाली येत. सैनिकाला नेम हळूहळू वर न्यावा लागे.

१८०३ मधला एक अपघात

ही बंदूक अमेरिकेतही पोहोचली. मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क यांची पॅसिफिक महासागरापर्यंतची मोहीम (१८०४-०६) प्रसिद्ध आहे. लुइसजवळ हवेची बंदूक होती. थॉमस रॉडनी यांनी १८०३ साली आपल्या रोजनिशीत तिचे जे वर्णन केले आहे, त्यावरून ती जिरांडोनी पद्धतीची होती असे अभ्यासक मानतात. वाटेत भेटणाऱ्या आदिवासी जमातींना लुइस ती मुद्दाम चालवून दाखवी. ठिणगी नाही, दारू नाही, तरी गोळी सुटते, याचे त्यांना मोठे नवल वाटे.

पण लुइसच्या रोजनिशीतली पहिलीच नोंद अपघाताची आहे. ३० ऑगस्ट १८०३ रोजी पिट्सबर्गजवळच्या एका बेटावर त्याने सुमारे ५० मीटरवर सात बार करून दाखवले. मग ती हाताळण्याची माहिती नसलेल्या एका माणसाच्या हाती बंदूक गेली आणि चुकून बार झाला. गोळी सुमारे ३७ मीटरवरच्या एका बाईच्या कानशिलाला चाटून गेली. ती कोसळली, सर्वांना ती मेलीच असे वाटले. सुदैवाने ती लवकरच शुद्धीवर आली आणि जखमही जिवावरची नव्हती. ‘हवेचीच तर बंदूक’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही नोंद वाचून दाखवावी.

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १८१५ च्या सुमारास ही बंदूक बाद केली. कल्पना चुकीची नव्हती. झडपेचे कातडी वॉशर वाळले की हवा गळे, झाळलेल्या टाक्या निर्दोष बनवणे अवघड जाई आणि दुरुस्तीला तयार हाताचा कारागीर लागे. असे कारागीर रणांगणावर कुठून मिळणार? पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हातातल्या काठीसारख्या दिसणाऱ्या हवेच्या बंदुका निघाल्या. काठी मधोमध उघडायची. एक अर्ध टाकी, दुसरे नळी. आर्थर कॉनन डॉइल यांच्या १९०३ मधल्या शेरलॉक होम्सच्या कथेतला कर्नल मोरान अशीच बंदूक जुळवताना दिसतो.

सांधा कुठे असावा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुटी होणारी बंदूक निवडताना लोक लांबी आणि वजन पाहतात. सांधा मात्र क्वचितच पाहतात. नळी वेगळी होत असेल आणि तिचा सांधा १० सेंटिमीटर लांबीचा असेल, तर त्यात ०.१ मिलिमीटरची ढिलाई काय करील? नळी हजारात एक इतकी कलेल, आणि १० मीटरवर छर्रा १० मिलिमीटर बाजूला पडेल. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या ०.५ मिलिमीटर व्यासाचे असते! नेम धरण्याची साधने नळीवरच असतील तर ती तिच्याबरोबर कलतात आणि चूक पुष्कळशी सावरते. ती मागच्या भागावर असतील, तर प्रत्येक जोडणीनंतर नेम पुन्हा तपासावा लागतो.

जिरांडोनीच्या बंदुकीत नळी आणि माशी कधीच वेगळी होत नसे. सुटे होई ते हवेचे भांडे. ते किंचित ढिले बसले तर हवा गळेल, पण नेम बिघडणार नाही. १९८४ साली लॉस एंजलिसला ऑलिंपिकमध्ये आलेल्या एअर रायफलच्या खेळात आज ज्या दाबभरल्या रायफली वापरतात, त्यांतही नळीखालचे हवेचे नळकांडेच आट्यांनी सुटे होते. कातड्याच्या जागी रबरी कडी आली, झाळलेल्या पत्र्याच्या जागी अखंड धातूचे नळकांडे आले आणि दाब २०० वातावरणांपर्यंत गेला. सांध्याची जागा मात्र तीच राहिली. दाब चौपट झाल्याने सावधगिरीही वाढली. या नळकांड्यांना साधारणतः दहा वर्षांची मुदत असते. ती उलटल्यावर ती वापरू नयेत.

शिकारीचा विचार आपल्याकडे करायला नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी तो मार्ग बंद केला आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीने पाखरे मारणे हा खेळ नव्हे, गुन्हा आहे. राहतो तो नेमबाजीचा खेळ, तोही रीतसर रेंजवर आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

वर्गात बंदुकीची गरजच नाही. सुई नसलेली प्लास्टिकची सिरिंज, तिचे तोंड बंद करायला बोट आणि दट्ट्यावर ठेवायला एकेक करून वाढवलेली वजने एवढे पुरे. वजन आणि आकारमान यांचा तक्ता मुलांनी स्वतः मांडावा. दट्ट्यावर वातावरणाचाही दाब असतो, तो मिळवायला त्यांनी विसरू नये. मग जिरांडोनीच्या पंपाचे गणित त्यांना द्यावे. दट्ट्या बारीक का ठेवला, याचे उत्तर ती आपणच काढतील.