शिपाई

कचेरीत साहेबांच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या आणि घंटेसरशी उठणाऱ्या माणसाला आपण ‘शिपाई’ म्हणतो. हा शब्द उच्चारताना आपला स्वर नकळत खाली येतो. वास्तविक हा शब्द रणांगणावरचा आहे. फारसीत ‘सिपाह’ म्हणजे सैन्य आणि ‘सिपाही’ म्हणजे सैनिक. इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘सिपॉय’ झाले आणि देशी पायदळातील सर्वांत खालच्या हुद्द्याला तेच नाव पडले.

१७६८ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत शिपायांची एक पलटण उभारली. पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून ती नावारूपास आली. त्या काळच्या शिपायाची स्थिती काय होती? १८५७ च्या सुमारास पायदळातील शिपायाला दरमहा ७ रुपये मिळत आणि त्यातूनच त्याला पोटाची व्यवस्था करावी लागे. आयुष्यभर चाकरी करून तो सुभेदार झाला, तरी कालपरवा विलायतेहून आलेला कोवळा गोरा अधिकारी त्याचा वरिष्ठच ठरे. व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक १८५६ साली सुरू झाले. परंतु हिंदी सैनिकाला त्याचा अधिकार मिळायला १९११ साल उजाडले.

त्याच जंगी पलटणीतील नामदेव जाधव हा अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडत होता. निरोप पोहोचविणे हे त्याचे काम. शत्रूच्या माऱ्यात सोबतचे बहुतेक पडले. नामदेवने दोघा जखमींना, एकामागून एक, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग तो एकटाच परत फिरला. हाताला जखम होऊन बंदूक चालवेना, तेव्हा हातबाँब फेकून त्याने शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि काठावर उभे राहून मागच्या सैनिकांना पुढे बोलावले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांत त्याच्या नावामागे हुद्दा आहे तो ‘शिपाई’ हाच.

२०२२ पासून सैन्यात भरती होणाऱ्या तरुणाला ‘अग्निवीर’ म्हणतात. नावे बदलतात; सर्वांत खाली उभे राहून सर्वांत पुढे जाण्याचे काम मात्र तेच राहते. वाचकहो, उद्या कचेरीत ‘शिपाई’ अशी हाक माराल, तेव्हा त्या शब्दाचे कूळ आठवा. निरोप पोहोचविणारा माणूस लहान नसतो.